क्रूझ कंट्रोलचा बिघाड आणि ईएलएम३२७ डोंगल : निम्मी वाट दाखवणारं यंत्र

ईएलएम३२७ नावाचा ब्लूटूथ डोंगल ऑनलाइन साधारण पाचशे ते हजार रुपयांत मिळतो. आकार काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (गाडीचे दोष वाचण्याच्या) सॉकेटमध्ये खोचायचा, फोनशी जोडताना १२३४ किंवा ०००० टाकायचे आणि कार स्कॅनर किंवा टॉर्कसारखं ॲप उघडायचं. आयफोन असेल तर वाय-फायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा प्रकार घ्यावा, साधा ब्लूटूथवाला तिथे जोडला जात नाही. डोंगल मायलेज, तापमान असं बरंच काही दाखवतो. इथे मात्र त्याला एकाच कामाला जुंपलं आहे: क्रूझ कंट्रोल, म्हणजे पाय न लावता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय, लागत नाही किंवा मध्येच सुटतं, तेव्हा कारण सापडेपर्यंत तो किती साथ देतो?

निम्म्या वाटेपर्यंत. उरलेली निम्मी वाट टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर आणि पेडलाखाली वाकून बघणारे डोळे यांची आहे. तरीही तो घ्यावा असंच आमचं मत आहे, कारण ती पहिली निम्मी वाट चुकली की गॅरेजमध्ये थेट थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवर) संशय जातो. मग हजारोंचा खर्च होतो आणि क्रूझ होतं तिथेच राहतं.

हा संशय बहुतेक वेळा का चुकतो, ते यंत्रणा पाहिली की कळतं. १९५८ साली क्रायस्लरने क्रूझ कंट्रोल गाडीत दिलं तेव्हा, आणि पुढेही अनेक वर्षं, वेग धरून ठेवायला वेगळी यंत्रसामग्री लागायची. पुढे व्हॅक्यूमने ओढला जाणारा रबरी पडदा आणि त्यातून थ्रॉटलकडे जाणारी केबल अशी रचना सर्रास झाली. आजच्या गाडीत ॲक्सिलरेटरला केबलच नसते. पेडलचा सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, सांगतो, ईसीयू मोटरने थ्रॉटल उघडतो. चाकांवरच्या सेन्सरांचा वेग एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्यूलमधून कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या, तारांवरून ईसीयूकडे येतो. तुम्ही ८० वर ‘सेट’ दाबलं की ईसीयू ८० आणि प्रत्यक्ष वेग यांतला फरक सतत मोजतो आणि तेवढं थ्रॉटल कमी-जास्त करतो. डिझेलमध्ये थ्रॉटलऐवजी इंधनाचं प्रमाण बदलतो. म्हणजे केवळ क्रूझसाठी म्हणून गाडीत बसवलेला भाग जवळपास एकच, स्टिअरिंगवरची बटणं. गाडी एरवी झकास पळत असेल तर थ्रॉटल, पेडल आणि मोटर ठीक आहेत, हे त्यातच आलं.

मग बिघडतं काय? परवानगी. क्रूझ लावण्याआधी ईसीयूला सगळीकडून ना-हरकत लागते. ब्रेक दाबलेला नाही, क्लच दाबलेला नाही, वेग किमान मर्यादेच्या वर आहे (बऱ्याच गाड्यांत ती ताशी ४० किलोमीटरच्या आसपास असते), चाकांचा वेग नीट येतो आहे, इंजिनाच्या किंवा एबीएसच्या नोंदीत गंभीर दोष नाही. यांतल्या एकानेही शंका काढली की क्रूझ सुटतं. ही सावधगिरी योग्यच आहे. अडचण एवढीच की नेमकी हरकत कुणी घेतली ते डॅशबोर्डवर सहसा दिसत नाही.

डोंगलचा पहिला उपयोग इथे होतो. क्रूझचे बरेच कोड (गाडीने नोंदलेल्या दोषांचे क्रमांक) उत्सर्जनाशी संबंधित नसल्यामुळे ‘चेक इंजिन’चा दिवा पेटवत नाहीत, नुसते आत साठून राहतात. दिवा नाही म्हणजे कोड नाही असं समजू नका. पी०५७१ ते पी०५७३ आले तर ब्रेक स्विच. पी०५०४ म्हणजे ब्रेक स्विचच्या दोन सर्किटांचं एकमेकांशी जुळत नाही. पी०५६५ ते पी०५७० हे बटणांचे, म्हणजे ऑन, ऑफ, रिझ्यूम, सेट वगैरेंचे. पी०७०४ क्लच स्विचचा, पी०५०० वेगाच्या सिग्नलचा. यू०१२१ म्हणजे एबीएस मॉड्यूलशी बोलणंच तुटलं आहे. कोड दिसला की लगेच ‘क्लिअर’ दाबण्याची अनेकांना घाई असते. आधी कोड लिहून ठेवा, सोबतची फ्रीझ फ्रेम वाचा: दोष नोंदला तेव्हा वेग किती होता, इंजिनाचे फेरे किती होते, इंजिन गरम होतं की गार. पुसल्यावर हा पुरावा परत मिळत नाही.

एक मर्यादाही लगेच सांगायला हवी. स्वस्त ॲप बऱ्याचदा फक्त इंजिनाच्या ईसीयूशी बोलतं. एबीएस आणि बॉडी कंट्रोलच्या (दिवे, दारं वगैरे सांभाळणाऱ्या मॉड्यूलच्या) नोंदी वाचायच्या तर ॲपमध्ये तुमच्या गाडीचं प्रोफाइल असावं लागतं. कार स्कॅनर याबाबतीत टॉर्कपेक्षा बरं. ‘कोड नाही’ असं उत्तर आलं तर कुठल्या मॉड्यूलमध्ये नाही, हे आधी पाहावं.

दुसरा उपयोग चालू आकड्यांचा. वेग, इंजिनाचे फेरे, थ्रॉटलची स्थिती आणि ॲक्सिलरेटर पेडलची स्थिती ‘डी’ (ॲपच्या यादीतलं नाव) एवढे चारच आकडे निवडा. जास्त निवडले की प्रत्येकाची नोंद संथ होते. मोकळ्या सपाट रस्त्यावर क्रूझ लावून रेकॉर्ड करा. फोन शेजारच्याच्या हातात द्यावा, चालवणाऱ्याने पडद्याकडे बघू नये. क्रूझवर असताना पेडलचा आकडा एका जागी स्थिर आणि थ्रॉटल हलतं असं दिसायला हवं. पेडल मोकळं असूनही तिथे १५ टक्क्यांच्या आसपास आकडा दिसला तर गोंधळू नका. सेन्सर मोकळ्या स्थितीतही शून्य व्होल्ट देत नाही, तो त्याचा रोजचा आकडा आहे. वेग एकसारखा असताना थ्रॉटल एका झटक्यात बंद झालं, तर कुणीतरी हरकत घेतली. थ्रॉटल उघडत गेलं आणि तरी वेग घसरत राहिला, तर दोष क्रूझचा नाही. चोक झालेला एअर फिल्टर, घसरता क्लच किंवा कमजोर इंधनपुरवठा शोधा. आणि चढत्या वेगाच्या रेषेत मध्येच शून्याकडे गेलेला खड्डा दिसला तर चाकाचा सेन्सर पाहा, विशेषतः नुकतंच बेअरिंग बदललं असेल तर. आजच्या बऱ्याच बेअरिंगांच्या एका बाजूला चुंबकीय कडं असतं आणि ती बाजू सेन्सरकडेच हवी. उलटं बसलं की वेगाचा सिग्नल गेला, एबीएसचा दिवा पेटला आणि क्रूझही गेलं.

आता सगळ्यांत जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार: ब्रेक पेडलच्या वर बसलेला प्लॅस्टिकचा स्विच. डोंगल इथपर्यंत आणून सोडतो, पुढचं हाताने करावं लागतं. बहुतेक गाड्यांत या एका स्विचमध्ये दोन सर्किटं असतात. पेडल मोकळं असताना एक उघडं आणि दुसरं बंद, दाबलं की उलट. पहिलं ब्रेक लाइट पेटवतं, दुसरं ईसीयूला वेगळी साक्ष देतं. म्हणून मागचे दिवे व्यवस्थित पेटतात एवढ्यावरून स्विच चांगला ठरत नाही. कनेक्टर काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असला की बीप देणाऱ्या सेटिंगवर) लावा आणि दोन्ही जोड्या पेडल अगदी हळूहळू दाबत तपासा. बीप मधेच तुटक येत असेल तर आतले संपर्क झिजलेत. खड्ड्यात पेडल थरथरलं की नेमकं तेवढ्याने क्रूझ सुटतं. हा क्षणभराचा झटका डोंगलला दिसत नाही. कॅनऐवजी के-लाइन ही संथ तार असलेल्या जुन्या गाडीत तो सेकंदाला मोजकेच आकडे आणतो आणि कॅनवरही स्विचची फडफड पकडण्याइतका वेगवान नसतो. शिवाय ओबीडीच्या सर्वसाधारण यादीत ब्रेक स्विचचा आकडाच नाही, तो कंपनीच्या खास यादीतून घ्यावा लागतो.

स्विच बदलण्याआधी पेडलच्या दांड्यावर, स्विचचा दट्ट्या जिथे टेकतो तिथे बोट फिरवा. तिथे बटणाएवढा रबराचा किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो कडक होऊन तुटतो आणि दट्ट्या थेट भोकातून आरपार जातो. मग पेडल मोकळं असूनही गाडीला ब्रेक दाबलेलाच वाटतो: मागचे दिवे सतत पेटलेले, क्रूझ बंद, सकाळी बॅटरी उतरलेली. पायपुसण्यावर पडलेले पिवळट किंवा काळे तुकडे दिसले तर बाकी तपासणीची गरजच नाही. अगदी किरकोळ किमतीचा ठोकळा आणि दहा मिनिटांचं काम. याला नवा स्विच किंवा नवा ईसीयू सांगणाऱ्याचं ऐकू नका.

मॅन्युअल गाडीत हीच तपासणी क्लचच्या स्विचची. पाय सतत क्लचवर टेकवून चालवायची सवय असेल तर तीच हरकत ठरते. बाहेरच्या दुकानातून ब्रेक लाइटला एलईडी बल्ब बसवले असतील तर ते काढून जुने फिलामेंटचे बल्ब लावून पाहा. काही जुन्या रचनांत क्रूझचं मॉड्यूल त्या फिलामेंटमधूनच अर्थिंग तपासतं आणि एलईडी ती वाट पुरवत नाही. ब्रेक लाइटचा फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त अँपिअरचा फ्यूज टाकणं हा उपाय नाही, धोका आहे. अमेरिकेत फोर्डने १९९९ ते २००९ या काळात क्रूझ बंद करणाऱ्या एका दाबस्विचपायी सुमारे दीड कोटी गाड्या परत बोलावल्या. तो स्विच ब्रेकच्या तेलाला लागून होता आणि किल्ली काढल्यावरही त्यात वीज असायची. आतला पडदा चिरला, तेल संपर्कांपर्यंत झिरपलं की उभ्या गाडीला आग लागायची.

बटणांचा कोड आला तर बटणं आणि क्लॉक स्प्रिंग यांतलं कोण, हे ठरवावं लागतं. क्लॉक स्प्रिंग म्हणजे स्टिअरिंगमागची गुंडाळलेली चपटी तार. बहुतेक गाड्यांत बटणांना प्रत्येकी वेगळी तार नसते, वेगवेगळा रोध असतो आणि ईसीयू व्होल्टेजवरून बटण ओळखतो. हॉर्न, ऑडिओची बटणं आणि एअरबॅगचा दिवा यांनीही एकदमच कुरकुर सुरू केली असेल तर तारच तुटत आली आहे. एकटं ‘सेट’ रुसलं असेल तर बहुधा बटणाखालचा संपर्क. खात्रीसाठी कॉलमच्या खालच्या कनेक्टरवर बटणांच्या पिनांचा रोध मोजा आणि कुणाला तरी बटण दाबून धरायला सांगून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. आकडा स्थिर हवा, उडी मारली तर क्लॉक स्प्रिंग बदला. हे करताना इग्निशन बंद, बॅटरीची ऋण बाजू काढलेली आणि किमान ३ मिनिटं थांबलेलं. पिवळ्या कनेक्टरला, म्हणजे एअरबॅगच्या तारांना, मल्टिमीटर लावायचा नाही. मीटरचा छोटा प्रवाहही तिथे नको. याबाबत मन साशंक असेल तर काम सर्व्हिस सेंटरकडेच द्यावं.

रडारच्या ॲडॅप्टिव्ह (पुढच्या गाडीपासून अंतर राखणाऱ्या) क्रूझपुढे हा डोंगल हतबल आहे. बंपर काढून पुन्हा बसवला, रडारचा ब्रॅकेट थोडासा वाकला, कॅमेऱ्याच्या गाडीत पुढची काच बदलली, की कॅलिब्रेशन (रडार-कॅमेऱ्याची दिशा पुन्हा जुळवणं) लागतं आणि त्यासाठी कंपनीचा स्कॅनर आणि ठरावीक अंतरावर उभारलेला खुणेचा फलक हवा. पाचशे रुपयांच्या यंत्राकडून ती अपेक्षाच नको. काही कंपन्यांचे स्कॅनर ‘क्रूझ शेवटी कशामुळे सुटलं’ हे सरळ लिहून दाखवतात. सर्व्हिस सेंटरला गेलात तर स्कॅन करताना ही नोंद मागा.

खरेदीबद्दल. ईएलएमची मूळ कॅनडियन कंपनी २०२२ साली बंद झाली, तेव्हा बाजारातला माल सरसकट नक्कल आहे. ‘व्ही २.१’ छापलेल्या अतिस्वस्त डोंगलांपासून दूर राहा. त्यांत कित्येक आज्ञांना उत्तर म्हणून नुसतं प्रश्नचिन्ह येतं आणि खास प्रोफाइल चालतच नाहीत. ‘व्ही १.५’ अशी आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती, तरी त्या नावाच्या नकला सहसा जास्त आज्ञा पाळतात. घेतल्या दिवशी ओळख तपासणारं मोफत ॲप चालवा, नापास झाला तर परत करा. रोजच्या कामासाठी व्हीलिंकर किंवा ओबीडीलिंक या नावांचा महाग डोंगल परवडत असेल तर तेच घ्या, वेग आणि विश्वास दोन्ही जास्त.

एक दोष मात्र सगळ्या स्वस्त डोंगलांत सारखा: १६ नंबरच्या पिनेवर कायम बॅटरीचे १२ व्होल्ट असतात आणि किल्ली काढली तरी डोंगल झोपत नाही. ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास, दोन आठवड्यांत जवळपास १७. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले निम्मे गेले. काम झालं की काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवा.