‘३० वॉट, साडेसहा हजार लिटर’ : रिटर्न पंप घेताना माझी झालेली फसवणूक

रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलांचा (प्रवाळांचा) खाऱ्या पाण्याचा फिश टँक, असलेल्या घरात विजेचं बिल हा नाजूक विषय असतो. लाइट निदान रात्री बंद होतात, पाणी थंड ठेवणारा चिलर डिसेंबर-जानेवारीत जरा विसावतो. रिटर्न पंपाला मात्र सुट्टी नाही. तो थांबला की सम्पमधलं, म्हणजे टँकखालच्या गाळणीच्या टाकीतलं, पाणी वर जायचं थांबतं, आणि फेसातून घाण काढणारा स्किमर, हीटर, चिलर सगळं खाली चालू असून वरच्या कोरलांना त्याचा उपयोग शून्य. म्हणून ‘वीज वाचवणारा पंप’ म्हटलं की आपले कान टवकारतात, आणि हे विकणाऱ्यालाही पुरतं ठाऊक असतं. १६,५०० रुपयांना माझ्या गळ्यात जो पंप मारला गेला त्याची ही हकीकत. तक्रार चालू असल्यामुळे दुकानाचं नाव लिहीत नाही. नाव कळून फार फायदाही नाही, कारण असा माल दुसऱ्या दुकानात दुसऱ्या डब्यात येऊ शकतो.

माझा टँक चार बाय दोन बाय दोन फुटांचा, म्हणजे साधारण ४५० लिटरचा. घर डोंबिवलीला. सम्प खालच्या कपाटात. सम्पच्या पाण्यापासून वरच्या नोझलपर्यंतची उंची आणि वाटेतले एल्बो हिशेबात धरले, तर पंपाला साधारण दीड मीटरचं हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, पडतं. जुना एसी पंप ८५ वॉट खायचा, म्हणजे महिन्याला ६१ युनिट. तोही कुरकुरायला लागला होता, म्हणून वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंप बघायला मुंबईतल्या एका दुकानात गेले.

दुकानदाराने निळ्या टबात पंप सोडला, नॉब फिरवून हातभर कारंजं उडवलं आणि बोलता बोलता कंट्रोलरवरचा आकडा ३०वर आणून ठेवला. आकड्याच्या शेजारी ‘वॉट’चं इंग्रजी अक्षर. “बघा मॅडम, तीसच वॉट. ट्यूबलाइटपेक्षा कमी. पाच फुटांवर साडेसहा हजार लिटर देतो, लेखी देतो तुम्हाला.” आणि खरंच त्याने बॉलपेनने डब्यावर तसं लिहून दिलं. डब्यावर पाच तारेवाला स्टिकरही होता. वर, “साहेबांना विचारायचं असेल तर फोन लावून घ्या.” टँक माझा, त्यातलं मीठ मी कालवते, साहेबांना सम्पचं झाकण कुठल्या बाजूने उघडतं हेही माहीत नाही. पण ते असो.

हिशेब त्याने फार हुशारीने मांडला. ८५चे ३० वॉट झाले की महिन्याला जवळजवळ ४० युनिट वाचणार. आमचं बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, युनिटमागे १२ रुपये धरले तरी पावणेपाचशेची बचत, तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. यातला गुणाकार कुठेच खोटा नाही. खोटी होती ती सुरुवातीची दोन संख्यांची जोडी.

कोणताही पंप तपासायला एक सोपं गणित आहे. ताशी लिटर गुणिले मीटरमधलं हेड, भागिले ३६७. येणारा आकडा म्हणजे तेवढं पाणी तेवढ्या उंचीवर नुसतं उचलायला लागणारे वॉट. याहून कमी विजेत ते काम जगातला कोणताच पंप करू शकत नाही. साडेसहा हजार गुणिले दीड भागिले ३६७, म्हणजे २६.६ वॉट. दुकानदाराचा पंप ३० वॉट खाऊन त्यातले २६.६ पाण्याला देणार, म्हणजे जवळपास ९० टक्के कार्यक्षमता! एवढ्याशा पंपात खाल्लेल्या विजेचा तिसरा-चौथा हिस्सा जरी पाणी उचलण्यात गेला तरी चांगलं म्हणायचं, आणि उत्तमातला उत्तम पंपही निम्म्याच्या पुढे जाणं कठीण. उरलेल्या विजेची उष्णता होते. बुडवून ठेवलेल्या पंपाची सगळी उष्णता टँकच्याच पाण्यात जाते, म्हणजे एप्रिल-मे मध्ये तीच काढायला चिलर जास्त चालणार. जास्त वॉटचा पंप असा दोनदा बिल वाढवतो.

घरी पंप बसवून आकडा ३०वर ठेवला. पंप गुणगुणत होता, पण पाणी पाइपमध्ये जरासं चढून थांबलं. दुकानात फोन केला. “नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो.” दुसऱ्या दिवशीचं उत्तर, “तुमचा पाइप बारीक आहे.” पाइप २५ मिलिमीटरचा, जुन्या पंपाला वर्षानुवर्षं पुरलेला. साठवर ठेवलं तरी नोझल कोरडंच. सत्तरच्या पुढे कुठे करंगळीएवढी धार पडायला लागली. १००वर तो असा घरघरायचा की हॉलमध्ये बसवेना. शेवटी ९२वर ठेवला.

मग सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर आणला. बाजारात सहज मिळतो, हजाराच्या आसपास. भिंतीतून येणारी वीज ६८ वॉट. नोझलखाली २० लिटरची बादली धरली, ती भरायला ३० सेकंद लागले. म्हणजे ताशी २,४०० लिटर. जुना पंप परत जोडून तसंच मोजलं तर ८५ वॉट आणि २४ सेकंद, ताशी ३,००० लिटर. भागाकार करून बघा. दोन्ही पंपांना हजार लिटरमागे २८ वॉटच लागत होते! बचत दिसत होती ती फक्त पाणी कमी येत होतं म्हणून. जुन्या पंपाला बॉल व्हॉल्व्ह लावून नळी आवळली असती, तर १६,५०० रुपये न घालवता मलाही पाणी कमीच मिळालं असतं.

मग कंट्रोलरवरचे वॉट कुठले? ते कळलं निव्वळ योगायोगाने. सम्पजवळच्या वस्तूंवर मिठाची पांढरी साय चढते, ती ओल्या फडक्याने पुसत होते. पुसता पुसता ‘वॉट’चं ते अक्षर फडक्याला चिकटून आलं. नखाच्या आकाराचा पारदर्शक स्टिकर होता तो. त्याच्याखाली छापलेलं होतं टक्केवारीचं चिन्ह.

म्हणजे दुकानात दिसलेले ३० हे वेगाचे ३० टक्के होते. पंपाचा वेग कमी केला की त्याची पाणी चढवायची उंची वर्गाच्या हिशेबाने घटते. १०० टक्क्यांवर हा पंप पाणी किती उंच नेतो ते बघायला मी स्टुलावर चढून पाइप वर धरत गेले. पाणी थांबलं तीन मीटरच्या आसपास, डब्यावर पाच लिहिलेलं असताना. ३० टक्क्यांवर त्याच्या नऊ टक्के, म्हणजे जेमतेम फूटभर. टबात तेवढ्याने पाणी छान घुसळतं आणि बघणारा खूश होतो. दीड मीटरवर थेंब चढत नाही. अडॅप्टर मात्र प्रामाणिक निघाला. त्याच्या पोटावर बारीक अक्षरात २४ व्होल्ट, ४ अँपिअर, म्हणजे ९६ वॉटची क्षमता. ३० वॉटच्या पंपाला एवढा दांडगा अडॅप्टर कोणी का देईल?

इथवर मी हे खोटं बोलून विकणं समजत होते. पण घरघर का होते ते बघायला पुढचं झाकण फिरवून काढलं, आणि आतल्या कडेला जांभळट-गुलाबी खरवडलेले डाग दिसले. कोरलाइन, म्हणजे रीफ टँकमध्ये हळूहळू चढणारं कडक शेवाळ! रीफ ठेवणाऱ्यांना हा रंग ओळखायला भिंग लागत नाही. खडकावर तो यावा म्हणून आपण महिनोन् महिने वाट बघतो, आणि माझ्याकडे पंप येऊन जेमतेम आठवडा झाला होता. इम्पेलरचं, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राचं, चुंबक एका बाजूला फुगलेलं, त्यावरचं आवरण तडकलेलं, म्हणजे घासलं जाऊन घरघर. कोणाच्या तरी टँकमधून निघालेला वापरलेला पंप ॲसिडने धुऊन, नव्या डब्यात घालून, नव्याच्या भावात दिला होता.

पाच तारांचं सांगायचं राहिलं. बीईईचं, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं, स्टार लेबल फ्रीज, एसी, पंखे, गीझर अशा ठरावीक वस्तूंना असतं. शेतीच्या पंपसेटलाही आहे. फिश टँकचा पंप त्यात येतच नाही, त्यामुळे त्यावर तारा दिसल्या की त्या छापखान्यातल्याच समजा. आणि डबा उलटून बघा. बाहेरून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कोणत्या देशातला माल, महिना-वर्ष आणि एमआरपी हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या डब्यावर यातलं काहीच नव्हतं.

पंप घेऊन दुकानात गेले. कोरलाइन दाखवलं तर म्हणे ते तुमच्याच टँकचं. स्टिकर दाखवला तर म्हणे कंपनीकडून तसाच येतो. “इलेक्ट्रिक आयटमला रिटर्न नाही मॅडम, बिलावर लिहिलंय.” बिल कच्चं, जीएसटी क्रमांक नसलेलं, वस्तूच्या जागी नुसतं ‘फिश टँक सामान’. पक्कं बिल मागितलं होतं तेव्हा “अठरा टक्के वर लागतील” म्हणून त्याने टाळलं होतं. ते का, हे आता कळलं.

एक सांगते, ३० वॉटचा रिटर्न पंप ही अशक्य गोष्ट नाही. सम्पमधून तासाला टँकच्या चार-पाच पट पाणी फिरलं की पुरतं, कोरलांना लागणारी हालचाल वेव्हमेकर, म्हणजे टँकमध्येच लाटा करणारे छोटे पंप, देतात. माझ्या ४५० लिटरला २,२५० लिटर बास. गुणिले दीड, भागिले ३६७, म्हणजे ९ वॉट, आणि तीस टक्के कार्यक्षमतेचा पंप ते काम तीसच वॉटमध्ये करेल. साडेसहा हजारांची मला गरजच नव्हती. मोठे लिटर आणि छोटे वॉट एकाच वाक्यात आले की पुढचं ऐकायचं नाही. दुकानदाराला पाच फूट पाइप वर धरायला सांगायचं आणि सॉकेटला आपला वॉटमीटर लावायचा. नंतर ठाण्यातल्या एका दुकानात मी तसं सांगितलं, तर त्या काकांनी कुरकुर न करता शिडी आणली. भरले ३८ वॉट आणि २,४०० लिटर. पक्क्या बिलावर तोच घेतला.

तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. दुकानदाराचं उत्तर आलं, ‘ग्राहकाने चुकीचा वापर केला.’ आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. कच्च्या बिलाची भरपाई यूपीआयच्या नोंदीने होते, आणि डब्यावरचं ते बॉलपेनचं अक्षर आता माझ्या बाजूने बोलतंय. असा कंट्रोलर तुमच्याकडे असेल तर आकड्याशेजारचं अक्षर ओल्या फडक्याने पुसून बघा. सुटलं तर पंप परत करण्याआधी झाकण उघडून आतले फोटो काढा, मगच दुकानात जा.