चार्टर विमानाच्या कोटेशनवर नोंदणी क्रमांक नसेल तर एक रुपयाही भरू नका

एका कुटुंबाला मुंबईहून उदयपूरला लग्नासाठी आठ जणांचं जेट हवं होतं. ब्रोकरने कोटेशन पाठवलं: हॉकर ८००एक्सपी, आठ आसनं, सोबत आतल्या खुर्च्यांचे चकचकीत फोटो. दर बाजारापेक्षा बराच खाली, पण पूर्ण रक्कम आगाऊ. उड्डाणाच्या आदल्या रात्री फोन आला, ‘विमान टेक्निकल झालंय, दुसरं देतो.’ सकाळी जनरल एव्हिएशन टर्मिनलला (खासगी आणि चार्टर विमानांच्या टर्मिनलला) उभं होतं सहा आसनी लहान जेट. दोघांना नेहमीच्या विमानाचं तिकीट काढावं लागलं. त्यात ऑपरेटरचा, म्हणजे विमान चालवणाऱ्या कंपनीचा, माणूस म्हणाला, ब्रोकरकडून आमचे अर्धेच पैसे आलेत, बाकीचे आल्याशिवाय विमान हलणार नाही. कुटुंबाने तेही तिथल्या तिथे भरले. परतावा मागितल्यावर ब्रोकरने कोटेशनमधली ओळ पुढे केली: ‘हॉकर ८००एक्सपी किंवा तत्सम विमान’.

त्या कागदावर ‘व्हीटी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. असे ब्रोकर आधी पैसे गोळा करतात आणि मग स्वस्तात मिळेल ते विमान शोधतात. क्रमांक लिहून दिला की ते अडकतात, कारण त्यावरून विमान कोणाचं आणि ते भाड्याने देता येतं का, हे तपासता येतं. भारतात प्रवासी भाड्याने नेण्यासाठी ऑपरेटरकडे डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक नियामकाचा) एनएसओपी, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय उड्डाणं करण्याचा, परवाना लागतो. परवानाधारकांची आणि त्यांच्या विमानांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. विमान त्या यादीत नसेल तर व्यवहार तिथेच सोडा.

यादीबाहेरचं विमान बहुधा एखाद्या उद्योगसमूहाचं खासगी विमान असतं. त्यावर भाडं घेणं बेकायदा आहे. ‘कोणी विचारलं तर मालकाचे पाहुणे आहोत म्हणा’ किंवा ‘फक्त इंधनाचा खर्च रोख द्या’ असं कोणी म्हणालं, तर विमान त्याच जातीचं समजा. विमा खासगी वापराचा असतो. अपघात झाला तर भाड्याने नेलेल्या प्रवाशांचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. स्वस्त दराच्या मोहात हा धोका कुणीही घेऊ नये, असं आम्हाला कळकळीने सांगायचं आहे.

विमान जुनं म्हणजे धोकादायक, असं मुळीच नाही. हॉकर ८००एक्सपी नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून बनू लागलं आणि नीट देखभाल असेल तर ते दणकट विमान आहे. पण वय वाढलं की बिघाड वाढतात, सुटे भाग परदेशातून यायला वेळ लागतो आणि विमान आयत्या वेळी जमिनीवर अडकतं. म्हणून पर्यायी विमानाचा क्रमांक, आसनं आणि दरातला फरक आधीच लिहून घ्या. पर्याय न पटल्यास किती दिवसांत पूर्ण परतावा मिळेल, तेही. फोटो अनेकदा नूतनीकरण नुकतंच झालं होतं तेव्हाचे किंवा चक्क दुसऱ्या विमानाचे असतात. कॉकपिटमधल्या नोंदणी क्रमांकाच्या पट्टीपासून सुरू होऊन शेवटच्या खुर्चीपर्यंत जाणारा ताजा व्हिडिओ मागा. एपीयू, म्हणजे मुख्य इंजिनं बंद असताना वीज आणि एसी पुरवणारा संच, चालू आहे का, हेही विचारा. तो बंद असेल तर मे महिन्यात उदयपूरला इंजिन सुरू होईपर्यंत आत बसवत नाही. आणि हॉकरमध्ये सामानाची मुख्य जागा केबिनच्या आतच, दाराजवळ असते. लग्नाच्या मोठ्या कडक बॅगा तिथे मावत नाहीत.

दराचा खेळ वेगळाच. ताशी दर कमी दाखवतात आणि तास वाढवतात. विमान दिल्लीचं असेल तर रिकामं मुंबईला यायला पावणेदोन-दोन तास, उदयपूरपर्यंत सव्वा तास, परत दिल्लीला जवळपास तासभर. तुम्ही सव्वा तास बसता आणि चार तासांचं बिल भरता. यात लबाडी नाही, पण ते आधी सांगायला हवं. शिवाय दिवसाला किमान दोन तासांची आकारणी, मुक्काम असल्यास वैमानिकांचं हॉटेल, लँडिंग, पार्किंग, ग्राउंड हँडलिंग आणि वर १८ टक्के जीएसटी. मुंबईत रात्री पार्किंग मिळालं नाही तर विमान दुसऱ्या शहरात नेऊन ठेवतात. ती फेरीही तुमच्या खात्यावर पडते. सगळं धरून एकच अंतिम आकडा मागा. तास धावपट्टीवरून सुटल्यापासून मोजणार की पार्किंगमधून हलल्यापासून, हेही लिहून घ्या.

पैसे शक्यतो परवानाधारक ऑपरेटरच्याच चालू खात्यात भरा. ब्रोकरमार्फत भरायचेच असतील तर आधी ऑपरेटरच्या कार्यालयात स्वतः फोन लावा. फोन क्रमांक ब्रोकरकडून घेऊ नका. ‘हे विमान, या तारखेला, या नावाने राखलं आहे का आणि तुमचे किती पैसे येणं बाकी आहे?’ एवढं विचारून उत्तर ऑपरेटरच्या ईमेलवर मागा.

पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बँकेला व्यवहाराचा यूटीआर क्रमांक द्या आणि ब्रोकरशी झालेलं व्हॉट्सॲपचं बोलणं पुसू नका. लग्नासारख्या घरगुती कामासाठी बिल कंपनीच्या नावाने कधीही घेऊ नका. ग्राहक आयोगात समोरचा वकील ‘हा व्यवहार धंद्यासाठी होता’ असा पहिला आक्षेप त्यावरूनच घेतो.