वेगासचा टिकी बार: हॉटेलच्या लिफ्टने की टॅक्सीने?

वेगासमध्ये एकच संध्याकाळ मोकळी आहे आणि उतरलात त्याच कॅसिनो रिसॉर्टमध्ये नवा टिकी बार उघडलाय. तिथेच जावं, की टॅक्सी करून शहरातल्या जुन्या टिकी बारकडे? मला हे बऱ्याच जणांनी विचारलंय.

टिकी म्हणजे १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात जन्मलेली हौस: बांबू, लाकडी मुखवटे, रम. प्रशांत महासागरातल्या खऱ्या पॉलिनेशिया बेटांशी तिचं नातं आपल्या चायनीज भेळेचं चीनशी आहे तेवढंच. कोकणातल्या माणसाला तर झावळ्यांच्या छपराचं अप्रूप वाटायचं कारणच नाही! कॅसिनोंनाही हे नवीन नाही. वेगासच्या स्टारडस्ट कॅसिनोत १९६० सालीच ‘अकू अकू’ हे टिकी रेस्टॉरंट सुरू झालं होतं. स्टारडस्ट राहिलं नाही, पण अकू अकूचा एक मोआई (ईस्टर बेटावर असतात तसला मोठ्या डोक्याचा पुतळा) आजही सनसेट पार्कच्या तळ्यात उभा आहे.

रिसॉर्टमधल्या बारची खरी सोय चालण्याची. सासू-सासरे बरोबर असतील, कुणी पिणारा तर कुणी नुसता बघणारा असेल, तर तोच बरा. कंटाळलेला माणूस सरळ खोलीवर जातो. मात्र भाव स्ट्रिपचा, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्याचा, आणि स्लॉट मशीनचा किणकिणाट आत आला की बेटाचा भास तिथेच संपतो. खेळणाऱ्यांना फुकट मिळणारं ड्रिंक या बारमधलं नसतं, हेही लक्षात असू द्या.

‘फ्रँकीज टिकी रूम’ (२००८) स्ट्रिपपासून दूर, चार्ल्स्टन बुलेवार्डवर आहे. आत इतका अंधार की दुपारी शिरलात तरी रात्रच. कॉकटेल किती चढेल ते मेन्यूवर कवट्या मोजून कळतं. कुठल्याही वेटरच्या सल्ल्यापेक्षा मला त्या कवट्या भरवशाच्या वाटतात. ‘गोल्डन टिकी’ (२०१५) चायनाटाउनमध्ये आहे. तिथे सजावट जास्त, आणि बाहेर पडल्यावर त्याच रस्त्यावर गरमागरम नूडल्स. चार-सहा जण असाल तर हा.

नवा बार पारखायचा असेल तर माई ताई हे टिकीचं नावाजलेलं कॉकटेल मागवा. ते बनवणाऱ्या ‘ट्रेडर विक’ या बारमालकाच्या १९४४च्या कृतीत रम, लिंबू, ऑरेंज कुरासाव (संत्र्याच्या सालीचं मद्य) आणि बदामाचं सरबत असतं. अननसाचा रस नाही. लालभडक, अननस घातलेलं गोडमिट्ट काही समोर आलं तर तेवढं संपवा आणि टॅक्सी बोलवा. बदामाची अॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र ही परीक्षा घेऊ नये.

माझं विचाराल तर पिण्यासाठी जात असाल तर फ्रँकीज, माणसं सांभाळायची असतील तर रिसॉर्ट. दोन्हीकडे वय २१ पूर्ण हवं, म्हणून पासपोर्ट खिशात ठेवा. आणि झोंबी हे कडक रम कॉकटेल मागवलंत तर बेतानं: ते पहिल्यांदा बनवणारा, टिकी बारचा जनक डॉन बीच स्वतःच एका गिऱ्हाइकाला दोनांवर देत नसे.