कमोडोर ६४ ते अमिगा ५००, तीन तारांवरून: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने माझ्या टेबलावर कमोडोर ६४ आणि अमिगा ५०० हे १९८० च्या दशकातले दोन घरगुती संगणक शेजारी शेजारी आहेत आणि मधे तीन तारांची केबल. शाळेत असताना कमोडोरवर बेसिक या भाषेत लिहिलेले माझे प्रोग्राम सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर पडून होते. त्यातल्या दोन फ्लॉप्या वाचेनाशा झाल्या, तेव्हा उरलेल्या तरी वाचवायच्या असं ठरवलं. कमोडोरच्या १५४१ ड्राइव्हची फ्लॉपी अमिगाच्या साडेतीन इंची ड्राइव्हमध्ये जायचा प्रश्नच नाही, म्हणून सिरियलचा, म्हणजे तारेवरून एकामागून एक बिट पाठवण्याचा, रस्ता धरला. आजवर फ्लॉप्यांच्या ३१ बाजू उतरवल्या. काम संथ आहे, पण या जोडणीवर आता माझा पूर्ण भरवसा आहे.

तो भरवसा सहज आला नाही. अमिगाच्या मागे २५ पिनांचा खराखुरा आरएस-२३२ (सिरियल जोडणीचं मानक) पोर्ट आहे. कमोडोरच्या यूजर पोर्टवरचा सिग्नल मात्र ० ते ५ व्होल्टांचा. आरएस-२३२ मध्ये १ म्हणजे ऋण व्होल्टेज आणि ० म्हणजे धन, तेही किमान ३ व्होल्टांपलीकडचं. तारा थेट जोडल्या तर कमोडोरची हा पोर्ट सांभाळणारी ६५२६ चिप जळू शकते. मी या दोन व्होल्टेजचा मेळ घालणारी मॅक्स२३२ चिप आणि १ मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर घेऊन छोटा बोर्ड सोल्डर केला. त्याला वीज यूजर पोर्टच्या पिन २ वरून. पाठवायची तार पिन एमवरून निघते. येणारी तार मात्र बी आणि सी या दोन्ही पिनांना लावावी लागते: बीमुळे नवं अक्षर सुरू झाल्याची वर्दी मिळते, बिट वाचले जातात सीवरून. मी आधी फक्त सी जोडली होती. अक्षरं जात होती, पण येत एकही नव्हतं. दोन संध्याकाळी केबल तपासण्यात गेल्या आणि शेवटी अर्ध्या सेंटिमीटरच्या तारेच्या तुकड्याने काम झालं.

पंचवीसच्या पंचवीस तारा जोडलेली तयार केबल कृपा करून वापरू नका. अमिगाच्या पिन ९ आणि १० वर +१२ आणि −१२ व्होल्ट असतात. यूजर पोर्टच्याही १० आणि ११ वर ९ व्होल्ट एसी असतो, तिथे सोल्डर सांडू देऊ नका.

मग प्रश्न आला अंडं आधी की कोंबडी. सिरियलवरून देवाणघेवाण करणाऱ्या टर्मिनल प्रोग्रामशिवाय कमोडोरला फाइल घेता येत नाही आणि टर्मिनल प्रोग्राम स्वतःच एक फाइल. मी बेसिकमध्ये पंधरा ओळींचा प्रोग्राम टाइप केला. शून्य बाइट आला काय किंवा काहीच आलं नाही काय, बेसिकला दोन्ही वेळा रिकामीच स्ट्रिंग मिळते. म्हणून अमिगावरून प्रत्येक बाइट दोन हेक्स अक्षरांत (०-९, ए-एफ) पाठवला. ३०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ३०० बिटना, दहा हजार बाइटना अकरा-बारा मिनिटं लागली, पण टर्मिनल पहिल्याच खेपेला चालू झालं. हा प्रोग्राम लिहिताना पोर्ट पहिल्या ओळीतच उघडा, कारण तो उघडताना बेसिक सगळी व्हेरिएबल पुसून टाकतं.

वेगाचं म्हणाल तर २४०० बॉडवर थांबा. कमोडोर प्रत्येक बिट सॉफ्टवेअरने मोजतो, आणि व्हिडिओ चिप दर आठव्या ओळीला प्रोसेसरला चाळीसएक सायकल थोपवून धरते. मेमरीच्या ५३२६५ या पत्त्यावर ११ पोक करून, म्हणजे लिहून, स्क्रीन बंद केली की माझ्याकडच्या चुका जवळजवळ संपल्या. २७ पोक केलं की चित्र परत येतं. २४०० ला, एका बाइटला दहा बिट धरून, सेकंदाला २४० बाइट, म्हणजे एक भरलेली बाजू कागदावर पावणेबारा मिनिटांची. फ्लॉपी वाचण्याचा वेळ धरून मला वीस-बावीस लागतात.

सर्वांत जास्त मनस्ताप झाला तो अमिगाच्या एका सेटिंगमुळे. फाइल पोचायची, पण मूळ फाइलपेक्षा पाच-पन्नास बाइट कमी. प्रेफरन्सेसमध्ये हँडशेक, म्हणजे समोरच्याला थांबवण्या-चालवण्याची पद्धत, एक्सऑन-एक्सऑफवर होता, त्यामुळे १७ आणि १९ हे बाइट म्हणजे 'चालू लागा' आणि 'थांबा' असे इशारे, असं समजून अमिगा ते गिळून टाकत होता. मजकुरात हे बाइट येत नाहीत, म्हणून माझ्या चाचणीच्या फाइली बिनचूक दिसल्या होत्या. हँडशेक 'नन' केला आणि त्या दिवसापासून एकही बाइट हरवलेला नाही.

हँडशेकशिवाय चालतं ते एक्समोडेममुळे. १९७७ मध्ये वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी लिहिलेला हा प्रोटोकॉल १२८ बाइटचा एक ब्लॉक पाठवतो आणि पोच मिळेपर्यंत पुढचा पाठवत नाही. कमोडोरला ड्राइव्ह आणि सिरियल एकाच वेळी सांभाळता येत नाही. या थांब्यांमध्ये तो निवांत फ्लॉपीकडे वळतो. निव्वळ बेरजेच्या चेकसमऐवजी बाइटांचा क्रमही तपासणाऱ्या सीआरसीचा पर्याय घ्या, कारण दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. शेवटचा अपुरा ब्लॉक २६ या बाइटने भरला जातो. प्रोग्रामना त्याचा त्रास झाला नाही. मजकुराच्या फाइलींत मात्र लहान-मोठी अक्षरं उलटतात आणि ओळीच्या शेवटचा बाइट १३ चा १० करावा लागतो.

धाकट्या भावासाठी लिहिलेला गुणाकाराचा प्रोग्राम चौदाव्या फ्लॉपीवर सापडला. एका ब्लॉकला ड्राइव्हने सात वेळा प्रयत्न केले, एक्समोडेम तेवढा वेळ थांबून राहिला, आणि फाइल पूर्ण आली. ती मी परत कमोडोरकडे पाठवली, नव्या फ्लॉपीवर उतरवली आणि भावाला फोन केला.