लेबर टेबल की बर्थिंग स्टूल? दोन बाळंतपणांनंतरचं माझं मत

थोरली कर्वे रोडजवळच्या एका हॉस्पिटलात लेबर टेबलवर झाली, धाकटा बाणेरला बर्थिंग स्टूलवर, म्हणजे बसून बाळंत व्हायच्या, मधे मोकळ्या असलेल्या बुटक्या स्टुलावर. दुसरं बाळंतपण तसंही सोपं जातं, हे धरूनच माझं म्हणणं वाचा.

टेबलाची बाजू आधी सांगते. डॉक्टरांना सगळं नीट दिसतं. बाळाला बाहेर ओढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ आली, तर तिथेच सोयीचं पडतं. वार पडल्यावर दोन टाके घालायला मलाही स्टूलवरून पलंगावरच नेलं.

मला छळलं ते पोटावरच्या सीटीजीच्या, म्हणजे बाळाचे ठोके सतत नोंदणाऱ्या यंत्राच्या, पट्ट्याने. कळ आली की कुशीवर वळावंसं वाटे. वळलं की पट्टा सरके, बाळाचे ठोके लागेनासे होत आणि सिस्टर येऊन म्हणत, "ताई, उताण्याच राहा, हलू नका." रात्रभर हेच. पाय स्टँडवर बांधले त्याचंसुद्धा एवढं वाटलं नाही. उताणं पडून सोसलेली प्रत्येक कळ मात्र कमरेत अजून आठवते.

दुसऱ्या वेळी सिस्टर दर पंधरा मिनिटांनी हातातल्या डॉप्लरवर ठोके ऐकत, जोर लावताना दर पाचांनी. मधल्या वेळात मी खिडकीचा कठडा धरून झुलत होते. गर्भारपण निर्धोक असेल तर पट्टा सतत लावू नये आणि बाईला हवं तसं बाळंत होऊ द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मध्ये सांगितलंय. स्टूलवर माकडहाड मोकळं राहतं, त्याला मागे सरकायला जागा मिळते. आजी उकिडवं बसून बाळंत व्हायच्या गोष्टी सांगायची, त्या तेव्हा पटल्या.

स्टूलवर फार वेळ बसलं तर सूज येते, आणि रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो. रक्त कमी असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. एपिड्युरल (कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) घेणार असाल तर स्टूल विसरा, पण उताण्याही राहू नका. 2017 च्या एका ब्रिटिश अभ्यासात एपिड्युरल घेतलेल्या पहिलटकरणींपैकी कुशीवर झोपलेल्या शंभरात 41 जणी चिमट्याविना, सिझेरियनविना मोकळ्या झाल्या. उठून बसलेल्यांत 35.

माझा कल स्टूलकडे आहेच. तरी हॉस्पिटल बघायला जाल तेव्हा आधी विचारा, "डॉप्लरवर भागवता का?" तिथे हो म्हणत असतील, तर स्टूल नसलं तरी मी साध्या पलंगावर, कुशीवर, आनंदाने बाळंत होईन.