कॅपिलरी कॉलमला आतून लेप: डायनॅमिक की स्टॅटिक?

कॅपिलरी कॉलम म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीत (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या तंत्रात) वापरायची बारीक नळी. तिच्या आतल्या भिंतीवर स्थिर प्रावस्थेचा, म्हणजे घटकांना कमी-जास्त धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा, पातळ थर द्यायचा असतो. डायनॅमिक रीतीत या पदार्थाच्या द्रावणाचा छोटा स्तंभ वायूच्या दाबाने नळीतून ढकलतात. काम झटपट होते. पण थराची जाडी ढकलण्याच्या वेगावर आणि द्रावणाच्या दाटपणावर ठरते. वेग जरा हलला की थर असमान.

स्टॅटिक रीतीत अख्खी नळी विरळ द्रावणाने भरायची, एक टोक बंद करायचे आणि दुसऱ्या टोकाला निर्वात पंप लावून द्रावक उडवायचा. इथे जाडी आधीच गणिताने कळते: ०.२५ मिमी आतील व्यासाच्या नळीत आकारमानाने ०.४ टक्के द्रावण भरले, तर थर ०.२५ मायक्रोमीटरचा. मात्र बंद टोकाशी बारीकसा बुडबुडा राहिला, तरी द्रावण उसळून बाहेर येते आणि तासन्‌तासांची मेहनत वाया जाते. तरीही मी स्टॅटिकच निवडेन. अर्थात, नळीची आतली भिंत आधी नीट निष्क्रिय, म्हणजे नमुन्याशी क्रिया न करणारी, केलेली हवी.