एएनपी कुठं चिकटतं: लगदा करावा की काप घ्यावेत?

एएनपी हे संप्रेरक मूत्रपिंडातल्या रिसेप्टरांना, म्हणजे पेशींवरच्या त्याच्या पकडजागांना, कसं चिकटतं ते पाहायला निघालेला एखादा तरी विद्यार्थी दरवर्षी विचारतो, "मॅडम, लगदा करू की काप?" मी उलट विचारते, तुला किती चिकटतं ते हवंय, की कुठं?

एएनपी म्हणजे हृदयाच्या कर्णिकांतून सुटणारं 28 अमिनो आम्लांचं पेप्टाइड. 1981 मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनला अडॉल्फो डी बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या कर्णिकांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर लघवीवाटे भराभर मीठ गेलं आणि रक्तदाब उतरला. दोन्ही पद्धतींत किरणोत्सारी आयोडीन-125 लावलेलं एएनपीच लागतं, त्यामुळे परवानग्यांची कटकट कुठंच टळत नाही.

लगदा झटपट होतो. मूत्रपिंड वाटायचं, पेशींची पटलं वेगळी करायची, त्यांत पेप्टाइड मिसळायचं, गाळायचं, किरणोत्सार मोजणाऱ्या गॅमा काउंटरला लावायचं. संध्याकाळी पकड किती घट्ट आणि जागा किती, याचे आकडे हातात. दहा नवी पेप्टाइडं ताडून पाहायची असतील तर हेच करा.

पण मूत्रपिंड काही सगळीकडे सारखं नसतं. क्रायोस्टॅटमधला (गोठवलेल्या ऊतीचे पातळ काप करणारं यंत्र) 20 मायक्रॉनचा काप काचपट्टीवर घेतला, पेप्टाइडमध्ये भिजवला, थंडगार धुतला आणि काही दिवस फिल्मखाली ठेवला, की बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके उमटतात. ते ग्लोमेरुलस, रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ. आतल्या मज्जेत नुसती राखाडी छटा. अॅड्रिनलच्या, म्हणजे मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या, कापात आवरणाखाली एक काळी कड दिसते. शरीरात मीठ धरून ठेवणारं संप्रेरक अल्डोस्टेरॉन बनतं तिथंच, आणि एएनपी त्यालाच आवर घालतं.

इथंच बरेच जण फसतात. जास्त काळं तिथं जास्त काम, असं नसतं. त्या मोहऱ्यांतले बहुतेक रिसेप्टर सी प्रकारचे. ते सीजीएमपी, म्हणजे पेशीच्या आत संदेश नेणारा रेणू, बनवत नाहीत, पेप्टाइड गिळून रक्तातून काढून टाकतात. शेजारच्या कापावर सी-एएनपी (4-23), म्हणजे सी प्रकारालाच चिकटणारं पेप्टाइड, घाला. ठिपके फिके पडतात, मज्जेची छटा टिकते. उरलेलं बहुतांशी ए प्रकारचं, म्हणजे कामाचं. लगद्यात हेच केलं तर आकडा घटतो, पण कुठला घटला ते कळत नाही.

प्रतिपिंडांचा पर्याय सोपा वाटतो खरा, पण त्यातून रिसेप्टरचं प्रथिन आहे एवढंच कळतं, पेप्टाइड त्याला चिकटतं की नाही ते नाही. मी तो जोडीला ठेवते, एकट्यावर भिस्त ठेवत नाही.

पहिलाच प्रकल्प असेल तर काप घ्या. फक्त आयोडीन-125चं अर्धायुष्य साधारण 60 दिवसांचं, म्हणून क्रायोस्टॅटवर हात बसेपर्यंत पेप्टाइड मागवू नका.